दोन मजली पलंग आणि बेचाळीस मुद्दे

२ मार्च, रविवार. सकाळ.
हातमोजे पुरवणाऱ्या कंपनीने कारखान्याला दिलेली ही डायरी दोन महिने कोरी पडून होती. आज मुहूर्त लागला, कारण निर्णय झाला आहे. पोरींसाठी दोन मजली पलंग, म्हणजे बंक बेड, घ्यायचा.

सध्या आम्ही चौघं एकाच डबल बेडवर. भिंतीकडे सौ., मग धाकटी (वय सहा), मग थोरली (वय नऊ, २३ तारखेला दहा) आणि उरलेल्या वीतभर जागेत मी. थोरलीचा गुडघा कायम माझ्या बरगडीत. माणसाने किती सहन करायचं?

थोरलीला वाढदिवसाला दुसरं काही नको, पलंग हवा. त्या दिवशी तिची मैत्रीण राहायला येणार आहे. आजवर तिने कुणालाच बोलावलं नाही, कारण आपण अजून आईबाबांजवळ झोपतो हे सांगायची तिला लाज वाटते. मी शब्द दिला. ती म्हणाली, नक्की ना? मी म्हटलं, पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात सतरा वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे, सुरक्षित पलंग निवडणं म्हणजे माझ्या हातचा मळ.

सौ. म्हणाली, आज दुकानात जाऊ, बरा दिसेल तो घेऊ, तासाभराचं काम. मी नुसता हसलो.

३ मार्च, सोमवार.
चेकलिस्ट तयार. ४१ मुद्दे. कठड्याच्या दोन दांड्यांमधली फट, शिडीच्या पायऱ्यांची रुंदी, वरच्या गादीची जाडी (गादी जाड झाली तर कठडा बुटका पडतो, हे लोकांच्या ध्यानात येत नाही), स्क्रूंची डोकी आत आहेत की बाहेर. ऑफिसचा वेळ वापरला नाही. जेवणाची सुट्टी, चहाची सुट्टी आणि मधला वेळ एवढाच वापरला.

स्टोअरकीपरला यादी दाखवली. तो म्हणाला, साहेब, पलंग घेताय की क्रेन? त्याला या विषयातलं काही कळत नाही.

५ मार्च, बुधवार. संध्याकाळ.
दुकान पहिलं. बरोबर दोन्ही पोरी. सौ.ला मुद्दाम नेलं नाही, घाई करते.

मुद्दा ७ : वरच्या मजल्यावर प्रत्यक्ष चढून पाहणे. चढलो. सेल्समन खालून म्हणाला, सर, वरची मर्यादा ऐंशी किलो. मी म्हटलं, मग काय प्रश्नच नाही. (माझं वजन ऐंशीच्या जवळपास आहे. कोणत्या बाजूने, हे इथे गैरलागू.) वर उत्तम वाटलं. दुकानाचं छत बारकाईने पाहता आलं.

उतरण्याआधी थोडा वेळ वरच थांबून निरीक्षण करायचं ठरवलं. पस्तीस मिनिटं केलं. तेवढ्या वेळात धाकटी सहा वेळा वर आली आणि सहा वेळा खाली गेली. शेवटी सेल्समन गोडाऊनमधली मोठी शिडी आणू का असं विचारू लागला. खाली बऱ्यापैकी गर्दी जमली होती. एक आजोबा म्हणाले, त्यांना बोलत ठेवा. हे अनाठायी होतं.

मग धाकटीने माझा पाय धरला आणि एकेक पायरी सांगत उतरवलं. आता डावा. नाही बाबा, तो उजवा. आता दुसरा डावा. आवाज अगदी शांत. पोरीत सेफ्टी ऑफिसरचे गुण आहेत.

निष्कर्ष : शिडीत दोष आहे. वरून दिसत नाही. पलंग नापास.

९ मार्च, रविवार.
आणखी दोन दुकानं. या वेळी सौ. होती. एकूण सहा पलंग तपासले, सहाही नापास. एकाचा कठडा बुटका. एकाची शिडी नुसती अडकवलेली, हललीच. एकाला हलवल्यावर कुई असा आवाज आला. सौ. म्हणाली, तुम्ही असं हलवल्यावर मीही कुई करीन.

सहावा निळा होता. थोरली त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली ती हलेच ना. वरच्या पलंगाच्या उशाशी पुस्तकं ठेवायला छोटी फळीही होती. सगळे मुद्दे बरोबर बसत गेले. मी उगीचच हळूहळू मोजायला लागलो. सुदैवाने मुद्दा ३९ ला फट अर्धा सेंटिमीटर जास्त निघाली. नापास.

घरी येऊन जिना चढताना थोरलीने विचारलं, कारखान्यातल्या लोकांनाही असंच थांबवतोस का? मी अभिमानाने हो म्हटलं. ती म्हणाली, मग ते डबे कधी बनवतात? 

वाढदिवसाला अजून चौदा दिवस आहेत. चौदा दिवस म्हणजे भरपूर.

१० मार्च, सोमवार.
क्रांतिकारी विचार सुचला. विकतचा पलंग घ्यायचाच नाही, सुताराकडून करून घ्यायचा. माझ्या देखरेखीखाली. सौ. म्हणते हे ती काल रात्रीच बोलली होती. असेल, पण तिने ते मुद्देसूद मांडलं नव्हतं.

सुतार संध्याकाळी आला. स्टोअरकीपरच्या ओळखीचा. साठीचा माणूस, कानावर पेन्सिल. मी चेकलिस्टची झेरॉक्स हातात दिली. त्याने ती आदराने घेतली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पलंगाचं चित्र काढायला लागला. मग पोरींसाठी ठरवलेल्या खोलीत मध्यभागी उभा राहून वर बघू लागला. म्हणाला, साहेब, तुम्ही खूण केलीय तिथे पलंग ठेवला तर वर झोपणाऱ्याने उठून हात वर केला की पंखा लागेल.

पंखा माझ्या आधीच लक्षात आला होता. त्याच्या लक्षात येतो का, ते पाहत होतो. पलंग दाराशेजारच्या भिंतीला न्यायचं ठरलं.

नंतर त्याने पोरींना विचारलं, वर कोण, खाली कोण? आणि रात्री पाणी प्यायला कोण उठतं? थोरली वर, धाकटी खाली, आणि पाणी प्यायला बाबा उठतात, असं धाकटीने सांगितलं. सुतार म्हणाला, मग पायरीला लाकडाची चपटी पट्टी देतो, गोल दांडी नको, झोपेत पाय सटकतो. हे माझ्या यादीत नव्हतं. मुद्दा ४२ म्हणून घातलं. यादी ही अशीच वाढत असते.

१६ मार्च, रविवार. दुपार.
पलंग आला. तीन तासांत उभा राहिला. सुतार खालून वरच्या फळीला लोंबकळला, दोन झोके घेतले, हात झटकले, चहा प्यायला आणि गेला. याला तो चाचणी म्हणतो.

मी सांगितलं नसतानाही त्याने उशाशी फळी लावली आहे. म्हणे त्या दिवशी तो जाताना थोरलीने त्याच्या कानात सांगितलं होतं.

पोरी आनंदाने वेड्या झाल्या. धाकटी खालच्या पलंगावर जाऊन, पाय भिंतीला लावून, तोंडाने इंजिनाचा आवाज काढत बसली. थोरली वर पुस्तकं लावत होती. मी दोघींना खाली उतरवलं आणि शिडीला लाल टॅग बांधला : वापरास बंदी, तपासणी बाकी. कारखान्यात नवीन रॅक आला की माझी सही होईपर्यंत हा टॅग निघत नाही. मॅनेजरसाहेबांनीही एकदा काढायचा प्रयत्न केला होता, मी काढू दिला नाही. घरी वेगळा नियम आणि कारखान्यात वेगळा, असं माझ्याकडे नाही.

धाकटीने विचारलं, म्हणजे आज नाही? मी म्हटलं, आज नाही. माझा आवाज जरा जास्तच उत्साही झाला असावा, कारण सौ.ने वळून पाहिलं.

आता भारचाचणी. वीस लिटरच्या पाण्याच्या चार कॅन वरच्या मजल्यावर, चोवीस तास.

१७ मार्च, सोमवार.
पलंग पास. एक कॅन नापास. झाकण सैल होतं. वीस लिटर पाणी वरच्या गादीतून खालच्या गादीत, म्हणजे धाकटीच्या इंजिनात, आणि तिथून जमिनीवर. गळती किती समान झाली आहे, हे बघितल्यावर फळ्या अगदी सपाट बसल्या आहेत, हे सिद्ध झालं. सौ.ला हा मुद्दा पटला नाही. ती फरशी पुसत होती.

दोन्ही गाद्या गच्चीत. नाइलाजाने पोरी पुन्हा आमच्याकडे. थोरलीचा गुडघा बरगडीत. गाढ झोप लागली. चाचणीचा शीण, दुसरं काय.

१९ मार्च, बुधवार.
गाद्या वाळल्या, असं सौ.चं म्हणणं. मला हाताला गार लागतात. अजून एक दिवस द्यावा.

रात्री भांडी विसळताना सौ.ने विचारलं, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते? मी कठड्याची उंची, स्क्रूचा आटा आणि पॉलिशचा वास असं क्रमाने सांगितलं. ती म्हणाली, पलंगाबद्दल नाही विचारलं मी. प्रश्न संदिग्ध होता. ताट तीनदा पुसलं.

२१ मार्च, शुक्रवार.
पॉलिशचा वास अजून येतो आहे. पोरींना येत नाही, सौ.ला येत नाही, शेजारच्या काकूंना मुद्दाम बोलावून विचारलं, त्यांनाही येत नाही. सर्वांची नाकं चोंदलेली दिसतात. निश्चय : उद्या सगळे स्क्रू पुन्हा आवळायचे. एकूण छप्पन्न आहेत.

२२ मार्च, शनिवार.
पंचावन्न आवळले. छप्पन्नावा फिरतच राहिला. सुतार येऊन दोन मिनिटांत बदलून गेला. जाताना म्हणाला, साहेब, आता याला हात लावू नका. कुणामुळे बिघडला हे बोलला नाही. सभ्य माणूस आहे.

संध्याकाळी थोरली माझ्यासमोर कागद घेऊन उभी राहिली. माझीच चेकलिस्ट. तिने सगळे बेचाळीस मुद्दे स्वतः तपासले होते. टेपने, कंपासपेटीतल्या पट्टीने, फटी मोजायला धाकटीच्या चेंडूने. प्रत्येकासमोर बरोबरची खूण आणि मापं. मुद्दा १७ पुढे लिहिलं होतं : बाबाने चुकीचं मोजलं होतं, मी परत मोजलं. खाली रेघ मारून, तपासनीस म्हणून स्वतःची सही आणि शेजारी माझ्या सहीसाठी जागा.

मी म्हटलं, वाचून सांगतो. ती म्हणाली, उद्या ती येणार आहे, बाबा. रडली नाही. रडली असती तर समजूत घालता आली असती. कागद टेबलावर ठेवून ती गेली.

चार वेळा वाचला. एक चूक सापडत नाही. इतका चांगला अहवाल सतरा वर्षांत माझ्या हाताखालच्या कुणी दिलेला नाही.

२३ मार्च, रविवार.
सकाळी सात वाजता सही केली. टॅग स्वतःच्या हाताने काढला. थोरली धावत येऊन गळ्यात पडली. मी कर्तव्यकठोर माणूस आहे, पण डोळ्यांत पाणी आलं. पॉलिशचा वास उग्र आहे.

मैत्रीण आली. दुपारभर तिघी वरखाली करत होत्या. मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे असा नाही. थोरलीने माझ्याकडे बोट करून सांगितलं, बाबाने सगळं तपासलंय. मी स्वयंपाकघरात जाऊन दोन पेले पाणी प्यालो.

पहिल्या काही रात्री प्रत्यक्ष निरीक्षण आवश्यक आहे. मैत्रीण गेली की उद्यापासून त्यांच्या खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून झोपणार. फक्त तीन दिवस.

२७ मार्च, गुरुवार.
निरीक्षणाचा चौथा दिवस. कुणी पडलं नाही. कुणी कठड्यात अडकलं नाही. पाणी प्यायला फक्त मीच उठलो, आणि शिडीला अडखळून अंगठा ठेचला. वरून एक उशी माझ्या तोंडावर आली, एवढीच काय ती घटना. निरीक्षण आठवडाभर वाढवत आहे. पाठ धरली आहे, पण जबाबदारी म्हटलं की असं होणारच.

२९ मार्च, शनिवार.
आज जेवताना थोरली आणि धाकटी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. तू सांग, तू सांग. शेवटी धाकटीने सांगितलं. म्हणाली, बाबा, तू रागावू नकोस. तू तिथे असलास की आम्हाला गप्पा मारता येत नाहीत.

मी विचारलं, कसल्या गप्पा? थोरली म्हणाली, अशाच. आमच्या.

मी म्हटलं, ठीक आहे, निरीक्षण तसंही आज संपणारच होतं. सतरंजी घडी करून कपाटात ठेवली. भिंतीपलीकडून बराच वेळ कुजबुज आणि हसणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते.

३० मार्च, रविवार. सकाळ.
अपघात. कारखान्याच्या नमुन्यातच लिहून ठेवतो.

वेळ : पहाटे, साधारण पाच. ठिकाण : आमचा डबल बेड. सौ. भिंतीकडे झोपली होती, मध्ये कुणी नव्हतं, मी माझ्या कडेला. कूस बदलली आणि खाली पडलो. उंची : पंचेचाळीस सेंटिमीटर. जखमी : एक. कोपर, किरकोळ.

आवाज बऱ्यापैकी झाला. सौ. म्हणाली, लागलं का? मग पलंगाची मधली जागा तिने हाताने थोपटली आणि म्हणाली, इकडे सरका ना, एवढी जागा आहे. पोरींच्या खोलीच्या दाराशी जाऊन पाहिलं. दोघींनाही जाग आली नव्हती.

अपघाताचं कारण : पलंग फार मोठा आहे.