शिकलेली गाडी

तीर्थरूप मामा यांस,

भाचीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढी वाकले तेवढं गोड मानून घ्या. ती धरण्याचं कारण पूर्वी तुमच्या दारात उभं असायचं, हल्ली आमच्या दारात उभं असतं.) गुडघे कसे आहेत? मामींना झोप लागते ना? नव्या फ्लॅटची लिफ्ट चालते, की तीही तुमच्या उपदेशाने टेकीला आली? इकडे सगळं क्षेम आहे. रोपवाटिका बरी चालली आहे, आई बरी आहे, नवरोबा आहेत.

तर गाडी. फ्लॅटला पार्किंग नाही म्हणून तुम्ही तुमचा पिकअप मला देऊन टाकलात, किल्ली हातावर ठेवताना "लेकीसारखी सांभाळलीय" म्हणालात, आणि त्यानंतर इकडे फिरकला नाहीत ते नाहीतच. (कारण मला ठाऊक आहे. बसमधून उतरून पाहुण्यासारखं बहिणीच्या दारात यायचं नाही, असं तुम्ही मामींपाशी म्हणालात. मामींच्या पोटात काही राहत नाही. आईला म्हटलं, तू बोलाव. तर म्हणे, "सख्ख्या भावाला काय बोलावणं करायचं?" म्हणजे दोघं आपापल्या जागी ठाम, आणि मधे मी.) लेकीसारखी सांभाळली असेल, पण मामा, फार लाडावून ठेवली आहे. पहिल्या गिअरमध्ये गुणी, दुसऱ्यात त्याहून गुणी. दुसऱ्यातून तिसऱ्यात जायची वेळ आली की मात्र थबकते. इंजिन नुसतं घुमतं आणि गाडी घरी गॅस चालू राहिल्याचं आठवल्यासारखी विचारात पडते. मग एकदम हिसका देऊन तिसरा पडतो आणि मागच्या हौद्यातल्या सगळ्या कुंड्या उताण्या होतात. साध्या गाडीत गिअर आपण टाकतो, चुकला तर निदान स्वतःला शिव्या देता येतात. या ऑटोमॅटिकमध्ये नुसतं बसून तिच्या मर्जीची वाट बघायची. (नवरोबा म्हणतात, त्यांना सवय आहे. कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही.)

परवा दातांच्या डॉक्टरांच्या नव्या दवाखान्यात दोन उंच झाडं पोचवायची होती. चांगलं गिऱ्हाईक, हे खूश झाले तर त्याच इमारतीतले कानाचे आणि डोळ्यांचेही आपलेच. शाळेजवळच्या चढावर बाईसाहेबांनी आपला नेहमीचा विचार केला, तिसरा पडला, आणि एक झाड कडेला इतकं झुकलं की शेजारून चाललेल्या स्कूटरवरच्या बाईंची ओढणी फांदीला अडकून आमच्याबरोबर निघाली. त्या "थांबवा, थांबवा" म्हणून मागे. मला वाटलं, कुंडी पडतेय म्हणून सांगताहेत, भली बाई आहे. हात हलवून आभार मानले. शेवटी सिग्नलला गाठून त्यांनी जे सुनावलं ते तुम्हांला लिहिण्याजोगं नाही. ओढणी सोडवायला चढले आणि घसरणारी कुंडी सावरताना कंबर गेली. डॉक्टरांनी झाडांकडे बघून नुसतं "दमलेली दिसतात" म्हटलं. पुढची झाडं अशीच आली तर प्लॅस्टिकची लावीन, असंही म्हणाले. प्लॅस्टिकची! मामा, मला थोबाडीत मारल्यासारखं झालं.

मग मेकॅनिकला घरी बोलावलं. त्याने तेल पाहिलं, लॅपटॉप जोडला, आणि पुष्कळ वेळ पडद्याकडे बघून जाहीर केलं, "ताई, गाडीत दोष नाही. गाडी शिकलेली आहे." आईचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "माझ्या भावाचीच आहे ती," म्हणाली. त्याने मग खुलासा केला की हा गिअरबॉक्स चालवणाऱ्याच्या पायावर नजर ठेवतो आणि त्याची सवय उचलतो. कुणीतरी वर्षानुवर्षं नेमका याच वेगाला अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलत आलं आहे, म्हणून तिसरा टाकावा की नाही हे आता तिला कळेनासं झालंय. कोण चालवायचं आधी, असं त्याने विचारलं. आम्ही दोघी कुंड्यांकडे बघत राहिलो. कारण मामा, गाडी जरा वेगात आली की तुमची गोष्ट ऐन रंगात यायची. तुम्ही पाय उचलायचा, आईकडे वळायचं, आणि "आणि मग काय झालं असेल, ताई?" म्हणून थांबायचं. आईने "काय झालं?" म्हटल्याशिवाय तुमची गोष्टही पुढे जायची नाही आणि गाडीही. तेवढं तिने मन लावून शिकून घेतलंय.

उपाय सोपा आहे. लॅपटॉपवरून जुनं सगळं पुसायचं, मग काही दिवस शांतपणे चालवायची, की ती नव्याने शिकते. आई म्हणाली, "शिकलेलं पुसतात होय?" आणि बियाण्याची पाकिटं लावायला आत गेली. पाकिटं सकाळीच लावून झाली होती. तरीही मी पुसायचं ठरवलं आहे. रागावू नका, पोटाचा प्रश्न आहे. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं. मधल्या काळात पुसून घेतलं. गाडी लोण्यासारखी चालते. डॉक्टरांकडे दुसरी झाडं पोचली, एक पान हललं नाही. कानाच्या डॉक्टरांनीही विचारणा केली आहे.

ता. क. दुसरा. एक गोष्ट वर लिहिली नव्हती. आई माझ्याबरोबर गाडीत बसते, आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे थबकली की खिडकीबाहेर बघत दर वेळी "काय झालं?" म्हणायची. मला वाटायचं, मला विचारतेय. मी आपली "काही नाही गं, गिअर" म्हणून उत्तर द्यायची. काल बाजारात जाऊन आलो. शाळेच्या चढावर तिने बोलायला तोंड उघडलं, तोवर तिसरा पडूनही गेला होता. मग ती घरापर्यंत गप्पच होती. मामा, मला फार वाईट वाटलं.

ता. क. तिसरा. मेकॅनिक म्हणतो, सध्या गाडी शिकतेय, जी सवय लावाल ती घेईल. तेव्हा ताबडतोब निघा. बसनेच या, स्टँडवर पिकअप घेऊन मी उभी राहीन. किल्ली तुमच्या हातात देईन, आई शेजारी बसेल, मी मागे हौद्यात बसते. झाडांची काळजी करू नका. डॉक्टर प्लॅस्टिकची लावून घेतील.