नळी खिडकीतूनच जाईल

मी, रिम्मा सावेल्येव्ना कुदिमोवा, वय वर्षे चौपन्न, पाव कारखान्यात भट्टीवर कामाला, राहणार वेर्ख्नी सोल्गिन्स्क, ओतारी गल्ली, इमारत नऊ, तळमजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून पेन हातात दिलेलं नाही, आणि प्यालेली तर मी स्वतःच्या लग्नातसुद्धा नव्हते. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतो, काळजी करू नका. मी काळजी करत नाही, व्यवस्था करते.

शाळा आठवीत सुटली, तेव्हा अक्षरावरून कोणी नाक मुरडू नये. नोटरीबाई म्हणाल्या, "मालमत्ता आणि नावं तेवढी लिहा. कहाणी नको." मी म्हटलं, "कहाणी गाळली तर घर परक्या मुलीला का गेलं ते कसं कळणार?" त्या म्हणाल्या, मग बंद पाकिटात द्या, आम्ही वाचतच नाही. उत्तम.

१. घर. ओतारी गल्लीतला माझा फ्लॅट, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, गरम पाण्याच्या नळासकट, मी अल्सू जावदातोव्ना गिल्याझोवा हिला देत आहे. ती माझी नात्याने कोणी नाही. शेजारच्या जिन्यावरच्या घरात वाढली, आता आमच्याच वस्तीच्या बॉयलरघरात पाळीवर असते. हे ऐकून माझा मुलगा रोदियोन खुर्चीवरून उठेल. रोद्या, खाली बस. अजून बरंच आहे.

घराला एक अट आहे. दर हिवाळ्यात, थंडी टिकून बसली की, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वरच्या झडपेतून रबरी नळी बाहेर काढायची आणि पोरांच्या हॉकीसाठी अंगणातलं मैदान गोठवायचं. खिडकी नवी बसवायला हरकत नाही, पण झडप राहिली पाहिजे. अंगणाकडे तोंड असलेलं तळमजल्यावरचं स्वयंपाकघर एकच आहे, माझं. तळघराचा नळ कधीच गंजला. गार पाण्याचा बर्फ खरबरीत होतो आणि पोरं तोंडावर आपटतात, म्हणून गरमच सोडायचं, पातळ पातळ थर, एक गोठल्याशिवाय दुसरा नाही. हे अल्सूला सांगायची गरज नाही, पण तिच्यानंतर येणाऱ्याला लागेल.

रोदियोनला घर दिलं तर तो विकेल असं मी म्हणत नाही. तो विसरेल. मग त्याचा व्यवस्थापक विकेल. नवा मालक पहिल्याच आठवड्यात खिडकी बदलेल आणि अंगणात गाड्या उभ्या राहतील. नदीपलीकडे रोदियोनने त्याच्या नावाचा बर्फमहाल, हॉकीचं छप्परवालं मैदान, उभारलाय, हो, मी फीत कापायला गेले होते, छान आहे, खुर्च्यासुद्धा मऊ आहेत. पण आमच्या इमारतीतली पोरं तिथे जाणार कशी? बस पुलाच्या अलीकडेच वळते. तिथे आईबाप गाडीने सोडतात. इथे पोरं चहाचा कप ठेवून जिन्यातूनच स्केट्स घालून उतरतात. जिन्याच्या पायऱ्यांवर पात्यांचे चरे आहेत. ते बुजवायचे नाहीत.

२. माझा नवरा, म्हणजे होता तो, वेन्यामिन कुदिमोव. रोद्या पहिलीत असताना हा माणूस पेर्ममधल्या एका केशभूषाकारिणीकडे राहायला गेला आणि जाताना बसायचं स्टूलसुद्धा घेऊन गेला. पोराचं हॉकीत नाव झाल्यावर वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, "मैदान मीच बांधलं, मीच शिकवलं." त्याने बर्फ घातला एकदाच. घाई! सगळं पाणी एका दमात ओतलं. वर पापुद्रा धरला, खाली पाणी तसंच. सकाळी पोरं घोट्यापर्यंत आत. आठ बिऱ्हाडांचे लोकरी बूट माझ्या हीटरवर वाळत होते. वेन्यामिनला मी तो पत्र्याचा डबा देते, ज्यातून त्याने पाणी ओतलं होतं. बाल्कनीत आहे. स्टूल त्याच्याकडे आहेच.

३. स्केट्स. कपाटावरच्या खोक्यात रोदियोनचे पहिले स्केट्स आहेत. पगाराऐवजी कारखाना पाव द्यायचा ते दिवस होते. मी पावांच्या बदल्यात ते एका फोरमनकडून घेतले. प्रौढ माणसाचे होते. पुढे जुन्या लोकरी बुटाचे तुकडे कोंबून दिले आणि सांगितलं, पाय वाढेल. वाढला. पाचवीपर्यंत तेच घातले. संग्रहालयवाले दोनदा मागायला आले होते, मी दारातूनच परतवलं. या स्केट्सचं काय करायचं ते कलम पाचमध्ये आहे. त्याआधी कलम चार वाचा. उड्या मारू नका.

४. हे कलम मालमत्तेचं नाही.

आमच्या मैदानाखालून वस्तीला ऊब देणारा गरम पाण्याचा मोठा पाइप जातो. त्यामुळे डाव्या गोलाच्या पुढ्यात एक पट्टा कधी धड गोठतच नाही. कितीही थंडी पडो, तिथे चिखल. पोरं त्याला नदी म्हणतात. सगळी पोरं नदी आली की थांबायची, किंवा लांबून वळसा घालायची. रोद्यासुद्धा.

त्या गोलात अल्सू गोल राखायला उभी राहायची. कारण सोपं आहे, तिच्याकडे स्केट्स नव्हते. बापाचा कापूस भरलेला कोट, गुडघ्यांना सोफ्याच्या उशा दोरीने बांधलेल्या, आणि तोंड उघडं. तोंड म्हणजे, ते बंद कधीच नसायचं. मी खिडकीत बटाटे सोलत असले तरी तिचा आवाज आत यायचा.

"आला, आला, आणि थांबला! नदीकाठी बसतोस काय रे? मासे धरायचेत?"

"बर्फ मऊ आहे ना तिथं!"

"मग उडी मार की! पाय कशाला दिलेत, खुंटीला टांगायला?"

असं दोन हिवाळे चाललं. मग एक दिवस त्याने मारली उडी. एका पायावर आला, नदीवरून उचलला गेला, हवेतच वळला, दुसऱ्या पायावर उतरला आणि उतरता उतरताच मारलं. पक, म्हणजे हॉकीची ती टणक रबरी चकती, अल्सूच्या तोंडावर. पुढचा दात गेला. रोद्या रडायला लागला, आणि ती, तोंडात रक्त, हात वर करून ओरडतेय, "गोल नाही! माझ्या दाताला लागून बाहेर गेला! गोल नाही!"

मी तिला स्वयंपाकघरात आणलं, बर्फ लावला. बापाला काय सांगायचं विचारलं तर म्हणाली, "जिन्यावर पडले. मावशी, तुम्हीपण जिनाच सांगा. नाहीतर मला सोडणार नाहीत." मी जिनाच सांगितला.

ती उडी आता साऱ्या देशाला माहीत आहे. टीव्हीवर हळू करून दाखवतात, वर बाण काढतात. तिला कुदिमोवची उडी म्हणतात.

प्रशिक्षक पाखोमिच आमच्या अंगणात आला तेव्हा रोद्या अकरा वर्षांचा होता. कुंपणाला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलत बराच वेळ बघत राहिला. मग माझ्या खिडकीखाली येऊन म्हणाला, "बाई, तुमचा पोरगा मी हॉकीच्या शाळेत नेतो. आणि तो गोलातला कोण? त्यालाही नेतो."

"तो नाही, ती."

पाखोमिचने टोपी काढली, परत घातली. "मग राहू दे," म्हणाला.

अल्सूने ते ऐकलं. मी ऐकलं. रोद्यानेही ऐकलं, कारण तो दोन पावलांवर होता. बस निघायच्या सकाळी, आमच्या रीतीप्रमाणे, निघण्याआधी सगळे गप्प बसलो. मी पलंगावर, रोद्या दाराशी, आणि स्टूल नव्हतं म्हणून अल्सू त्याच्या सामानाच्या पिशवीवर. मग तीच ती पिशवी खांद्यावर टाकून स्थानकापर्यंत गेली. बस हलताना काचेवर ठोकून ओरडली, "तिकडे नदी नसेल, माठ्या! उडी विसरू नकोस!"

तो विसरला नाही. उडी.

तीन वर्षांपूर्वी त्याची मोठी मुलाखत झाली. मी खिमा भरून पेल्मेनी उकडली होती, अल्सू रात्रपाळीआधी जेवायला आली होती, दोघी टीव्हीपुढे बसलो. निवेदिकेने विचारलं, सुरुवात कशी झाली? माझा मुलगा म्हणाला, "मी एकटाच खेळायचो. गोलात एक जुनी गादी टांगलेली असायची. तिच्यावर मारत बसायचो."

मी अल्सूकडे बघितलं नाही. तीच बोलली. "गादी होय! बरं झालं, मावशी. गादीला दात नसतात." उरलेली पेल्मेनी संपवली, ताटली धुतली आणि कामावर गेली.

मी लगेच फोन लावला.

"कुठली गादी रे?"

"आई, ते तिथल्या लोकांनी सुचवलं. ऐकायला बरं वाटतं. एकटा पोरगा, जुनी गादी."

"आणि अल्सू?"

तो म्हणाला, "आई, मुलीने शिकवलं म्हटलं असतं तर ड्रेसिंगरूममध्ये पोरांनी जन्मभर चिडवलं असतं."

"चिडवू दे की! तिने नाही चिडवलं तुला? त्यामुळेच तर उडी मारलीस." आणि मी फोन ठेवला.

तेव्हापासून आम्ही हवामानावर बोलतो आणि त्याच्या गुडघ्यावर. अल्सूने त्याचे सामने बघणं सोडलं. पण दर नोव्हेंबरात ती येते, नळीचं तोंड धरते, बॉयलरघरातल्या माणसाला ओरडून सांगते, "वाढव जरा, कुदिमोवाबाई बर्फ घालतायत!" एकदाही चुकली नाही. मी विचारलं होतं, का येतेस? म्हणाली, "पोरांनी काय केलंय?"

५. आता रोदियोनचा वाटा. रोद्या, तू दर महिन्याला पाठवलेले पैसे बँकेत जसेच्या तसे आहेत, ते तुझे तुला. मला भट्टी पुरली. गावाबाहेरचा भाजीचा तुकडा, तिथली लाकडी खोली आणि वाफेचं न्हाणीघर तुला. न्हाणीघराचं दार अडकतं, खांदा लावायचा. आजोबांचं घड्याळ तुला, ते चालत नाही. आणि स्केट्स तुला, पण लगेच नाही. तोवर ते अल्सूकडे राहतील.

माझ्यानंतरच्या पहिल्या बर्फाला तू स्वतः यायचं. व्यवस्थापक नाही, कॅमेरे नाहीत. नळी अल्सू धरेल, तू फावडं घ्यायचं. बर्फ धरला की डाव्या गोलात उभं राहायचं, नदीच्या मागे. आणि अल्सू मारेल. ती पुरे म्हणेपर्यंत मारेल. गुडघ्यांना सोफ्याच्या उशा बांध, पलंगाखालच्या पेटीत आहेत, मी टाकल्या नाहीत. तोंडावर जाळी घालायची तुला परवानगी आहे. तिला नव्हती.

पोरं जमतीलच. त्यांना सांगायचं की ही उडी तुला कोणी मारायला लावली. टीव्हीवर काही सांगू नकोस, टीव्हीवाले त्याचीही गादी करतील. अंगणात सांग. अंगणातलं खरं असलं की मला पुरे. मग अल्सू स्केट्स देईल. नाही आलास तर तिने ते त्या हिवाळ्यात ज्याला-जिला मोठे होत असतील त्या पोराला द्यावेत, पुढे लोकरीचे तुकडे कोंबून.

तू वाईट मुलगा नाहीस. तुझा सामना असला की मी टीव्ही बंद करते, काळीज सहन करत नाही, आणि छताकडे बघत बसते. वरच्या मजल्यावरची नीना पोर्फिर्येव्ना सामना बघते आणि टाच आपटते. एकदा आपटली की तुझा गोल. दोनदा म्हणजे तू पडलास. दोनदा आपटली की तिसऱ्यांदा आपटेपर्यंत मी श्वास घेत नाही. तिसरी म्हणजे उठलास. डॉक्टरला ही झडप कशाने झिजली ते कळत नाहीये. मला कळतं.

६. नीना पोर्फिर्येव्नाला माझं शिवणयंत्र मी आधीच देऊन टाकलंय, ते या कागदात धरू नये. ही बाई वीस वर्षं नगरपालिकेत तक्रारी करत आली की कुदिमोवा सगळ्या इमारतीचं गरम पाणी अंगणात ओतते. खरं आहे, ओतते. तरी टाच तिनेच आपटली.

७. अंत्यविधी साधा. भट्टीवरच्या बायकांना पातळ धिरडी आणि जेली पोटभर द्यावी. वेन्यामिनला बोलावू नये. आला तर उभं राहू द्यावं, स्टूल देऊ नये.

८. मी शस्त्रक्रियेतून उठले तर हे पाकीट नोटरीबाईंच्या कपाटातच राहील, आणि नोव्हेंबरात मी स्वतः झडप उघडीन. तरी रोद्या, गोलात उभं राहायला माझ्या मरणाची वाट बघायची गरज नाही. पण हे तू वाचतोयस म्हणजे बघितलीस.

वरील सर्व मी शुद्धीत, माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीशी बसून लिहिलं आहे. खाडाखोड आहे ती माझीच.

रिम्मा कुदिमोवा (सही)

पाकिटावर सह्या करणारे साक्षीदार:
नीना पोर्फिर्येव्ना झाब्रोदिना, पहिला मजला. ("आत माझ्या पाण्याबद्दल काही लिहिलंयस का गं?" विचारत होती. लिहिलंय.)
येफीम लुकिच स्तारोस्तिन, निवृत्त ट्रामचालक, दुसरा मजला.

वेर्ख्नी सोल्गिन्स्क, ९ ऑक्टोबर २०१८.

ता. क. ज्याला काही मिळायचं असतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असा कायदा आहे. त्यामुळे अल्सूला मी नोटरीकडे नेत नाहीये. काल जिन्यात भेटली, तोंड फुगलेलं. म्हणाली, "पोर्फिर्येव्नासुद्धा चालली, मावशी, आणि मी नाही? एवढी परकी झाले?" मी म्हटलं, "पायऱ्यांवर नीट चाल, चरे आहेत."

अल्सू, आता कळलं ना?