सोवळ्यातली पिशवी

ब्रह्मा घाट, काशी
आषाढ वद्य पंचमी

चि. वासुदेवास अक्काचे पोटभर आशीर्वाद (पोट सध्या नळीच्या ताब्यात आहे, तरी आशीर्वाद माझेच). तुझे गुडघे काय म्हणतात? वीणा तुला रात्रीचा भात देत नाही, ते योग्यच करते.

शरदिनीने (जाऊ झाली म्हणून काय झालं, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही) फोनवर तुला काय काय सांगितलं ते कळलं. तेवढ्यावरून मला पुण्याला हलवायचे बेत करू नकोस. खरं काय ते ऐक.

मूत्रपिंडं संपावर गेल्यापासून पिशवीतलं औषधी पाणी नळीने पोटात भरायचं, काही तासांनी काढायचं, हे मी घरीच करते. गीता सिस्टरने शिकवलं तेव्हाच म्हटलं, अगं, हे तर सोवळंच: हात धुवा, तोंड बांधा, दार लावा, पंखा बंद, कुणी शिवायचं नाही. (जन्मभर हेच करत आले, तर घरातले हसत होते.) तिचं एकच चुकत होतं. एवढं सगळं करून शुद्धीला गंगाजल नाही! ते मी आपलं घातलं. नळीच्या तोंडावर, एक पळी.

दुसऱ्या दिवशी पोटातून पाणी निघालं ते तांदळाच्या धुवणासारखं. ताप, कळा, अस्पताल. रक्तात सीआरपी म्हणून एक आकडा असतो, आत जंतू शिरले की तो चढतो. माझा दीडशेच्या वर. शरदिनीने तो गल्लीभर सांगितला, नातवाचा बोर्डाचा निकाल सांगावा तसा. मग पिशवीतूनच अँटिबायोटिक दिलं, पाणी नितळलं, कळा थांबल्या, मी कचौरी मागितली. पण सीआरपी अडून बसला. डॉक्टर म्हणाले, हा उतरला नाही तर नळी काढायची, मग आठवड्यातून तीनदा अस्पतालात येऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. मी म्हटलं, पोट बरं म्हणतं, पाणी बरं म्हणतं, मग हा कोण टिकोजीराव?

गंगाजलाचं कळल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अम्माजी, गंगाजी को घाट पर ही रहने दीजिए." मी ठणकावून सांगितलं, दोष गंगेचा नाही, पळीचा, चिंचेने घासायची राहिली होती. (गंगेवर खापर फोडू देणार नाही. तूर्त मात्र हाताला साबण आणि नळीला काहीच नाही.) काल एकदाचा आकडा उतरला. तेव्हा नळी आहे तिथेच राहील आणि मीही. पुण्याचं नाव काढू नकोस.

तुझी,
अंबिकाअक्का

ता. क. सिस्टर म्हणते, पिशवी बदलणं घरात आणखी एकाला यायला हवं. शरदिनीला शिकवायचं तर ती आधी गल्लीला शिकवेल. तू महिनाभर ये. नखं कापून ये.

आणखी एक. हल्ली माझा हात थरथरतो, जोडताना नळीचं तोंड कुठेतरी टेकतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. अस्पतालात शेजारच्या खाटेवरची बाई मला म्हणाली, काशीत आहात, मरण आलं तरी सोनंच. वासू, मला ते सोनं इतक्यात नको रे. फार घाबरले होते. लवकर ये.