रोजच्या चार चादरी

३ एप्रिल, बुधवार

आज पुन्हा चारही चादरी! शिवाय सात अभ्रे, दोन लोडांच्या खोळी, माझा आणि लेकीचा गाऊन, नवऱ्याचा (अनिमेषचा) पायजमा, सासऱ्यांची म्हणजे बाबांची लुंगी — सगळं पहाटे साडेपाचला हातपंपापाशी. सासूबाईंनी रिमलीखालची चादर अशी ओढली की पोरगी झोपेतच गादीवर घरंगळली. "ठाम्मा, आज तरी!" म्हणून आजीवर ओरडली आणि कूस बदलून परत झोपली. बारा वर्षांची झाली, पण तिला आता उघड्या गादीवर झोपायची सवयच झालीय.

पलीकडच्या गच्चीवरून पुतुलकाकीमांचं रोजचंच — "काय गं मालतीदी, घरात कोणी जन्मलं की कोणी गेलं?" सासूबाई दोरीवर चादर झटकत म्हणतात, "रात्रीचं ते पारोसं. पारोशावर परत निजायचं होय?"

रात्रीच्या कपड्यांनी चुलीपाशी जायचं नाही, देवाला शिवायचं नाही, हे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शिकले. इथे बंगालात, सगळ्या शांतिपुरात तेच चालतं. पण ते अंगावरच्या कपड्यांचं! चादरी रोज कोण धुतं? आणि घरात मशीन असताना हातानं?

५ एप्रिल, शुक्रवार

रिमलीला शाळेतून काम दिलंय. दहा घरी जाऊन विचारायचं — अंगातले कपडे, रात्रीचे कपडे, अंथरूण-पांघरूण किती दिवसांनी धुता? तिच्यासोबत मी गेले. (खरं लिहायचं तर मलाच जास्त हौस. लोकांच्या घरात डोकवायला मिळालं तर मी जेवण सोडीन.)

काय एकेक मासले! पुतुलकाकीमा — "पाहुणे यायचे असले की चादर बदलते." पाहुणे कधी येतात? "दुर्गापूजेला." म्हणजे वर्षातनं एकदा! आणि ही बाई आम्हाला हसते! पोस्टमास्तर एकटे राहतात. लुंगी कधी धुता विचारलं तर म्हणे, "जुनी झालीय गं, पाण्यात घातली तर विरघळेल." कोपऱ्यावरच्या बसाकांकडे दिवसभर माग चालतो, धुणं आठवड्यानं, पण गाद्या रोज उन्हात टाकतात. त्यांच्या घराला छान वास येतो. बँकेतल्या वहिनी ठासून म्हणाल्या, "चादर? दर आठवड्याला!" आतून त्यांची मुलगी ओरडली, "कधी गं आई?"

दहापैकी रोज चादरी धुणारं घर — एकही नाही. आमचं अकरावं.

७ एप्रिल, रविवार

डोक्यात किडा वळवळायला लागला. मी लग्न होऊन आले तेव्हा तर चादरी रविवारीच धुवायच्या! मला पक्कं आठवतं. मग हे सुरू कधी झालं? ह्यासाठीच वह्या जपून ठेवते मी. सापडलं. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी — "आजपासून सासूबाई सगळ्यांच्या चादरी रोज काढताहेत. नवीन खूळ!"

बाबा ऑपरेशन होऊन घरी आले तेच दिवस. दवाखान्यातून जंतू आले म्हणून बाई घाबरल्या असणार, आणि ती भीती अंगात बसली. झालं, उलगडा झाला! स्वतःवरच खूश होऊन एक कप जास्तीचा चहा प्याले.

८ एप्रिल, सोमवार

वर्गात बाईंनी रिमलीचा कागद मोठ्यानं वाचला. "आमच्या घरी: रोज." सगळ्या मुली हसल्या. घरी येऊन दप्तर फेकलं — "ठाम्माला वेड लागलंय का?" आणि सासूबाई दारातच होत्या. त्यांनी ऐकलं. तिच्या आवडीचे चिवडा-कुरमुरे कालवून दिले.

१० एप्रिल, बुधवार

सासूबाईंच्या हातांकडे आज नीट बघितलं. बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात, दोन तर उघड्या. मिरची कापताना डोळ्यांतून पाणी. मला इतकी शरम वाटली! दोन वर्षं मी खुळाला हसत बसले आणि हात बघितलेच नाहीत. ओढतच डॉक्टर हालदारांकडे नेलं. ते भडकले. "महिनाभर सोडा नाही, साबण नाही, ओल्यात हात नाही. नाहीतर हे हात पिकतील." वाटेत सासूबाई एवढंच म्हणाल्या, "महिनाभर? छे, ते काही जमायचं नाही."

जमवणार. बघतेच आता.

१४ एप्रिल, रविवार

आज पोइला बैशाख, बंगाली वर्षाचा पहिला दिवस. पुऱ्या, हरभऱ्याची छोलार डाळ, तांदळाची खीर म्हणजे पायेश. सगळ्यांची पोटं भरल्यावर मी विषय काढला. माझ्याकडे कागद तयार होता! रात्रीचे कपडे तिसऱ्या दिवशी, चादरी फक्त रविवारी, आणि सगळं मशीनमध्ये. सासूबाईंनी हातपंपाला हात लावायचा नाही.

"बौमा, सून आहेस, ह्यात तू पडू नकोस."

"मा, हात बघा तुमचे!"

"माझे हात आहेत."

अनिमेष नेहमीप्रमाणे पायेशात तोंड घालून. मला वाटलं, आता बाबा खेकसणार. हेडमास्तर होते ते, चपलांचा आवाज आला की शाळा गप्प व्हायची. घरातही त्यांच्यापुढे कोणाची टाप नाही. तर बाबा वर्तमानपत्र तोंडापुढून न काढता म्हणाले, "बौमा बरोबर बोलतेय. रविवारीच धुवा." सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. बाबांनी पान उलटलं.

मग मी आणखी एक केलं. चादरींच्या कपाटाची किल्ली मागितली. किल्ली जवळ असली तर त्या चोरून काढतील, मी ओळखून आहे. चाळीस वर्षांच्या किल्ल्या त्यांच्या पदराला! चिरलेल्या बोटांनी गाठ सुटेना, मीच सोडवली. आता ती माझ्या पदराला आहे. जिंकले!

१६ एप्रिल, मंगळवार

गच्ची रिकामी. पुतुलकाकीमा — "मालतीदीला उतार पडला वाटतं!" मी म्हटलं, "औषध कडू होतं हो, पण लागू पडलं."

१८ एप्रिल, गुरुवार

चिरा भरून येताहेत. पण बाई तरी स्वस्थ कुठे? आता बाबांची गादी रोज उन्हात. "बसाकांकडे टाकतात ना? मग?" बाबांच्या पलंगावर चादरीच्या वर त्यांची एक जुनी सुती साडी चौपदरी घातलेली. विचारलं तर, "थंड लागते." दुपारी बघितलं तर तिथे दुसरीच साडी! पहिली कुठे गेली? विचारायचं राहिलं.

२० एप्रिल, शनिवार

४१ डिग्री! शाळांना लवकर सुट्टी देणार म्हणे. कैऱ्या भाजून सरबत केलं. बाबांचा जीव की प्राण, एका बैठकीत तीन ग्लास पिणारे. आज ग्लास हातात घेतला, बघितला, परत ठेवला. "घसा बरा नाही." सहाचा चहाही नको म्हणाले.

माणूस चहा सोडतो? बाबा?

२२ एप्रिल, सोमवार

बाबा चार दिवस व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून झोपतात. "आत उकडतं." अनिमेष म्हणाला, "पंखा बदलूया का?" नको म्हणाले. चेहरा एवढासा झालाय. रागावतही नाहीत. रिमलीनं त्यांच्या चष्म्यावर बसून काडी मोडली तरी "असू दे" म्हणाले! काहीतरी आहे. पण काय ते कळत नाही. कोणाशी भांडण? आजार? पैशांचं तर काही नाही ना?

२४ एप्रिल, बुधवार

सकाळी दहाला बाबा उठायला गेले आणि खुर्चीतून खालीच. शुद्ध होती, पण जीभ लाकडासारखी. डॉक्टर हालदार धावत आले, घरीच सलाइन लावलं. "पाणी किती पिता?" बाबांनी डोळे मिटले. "मास्तरमशाय, विचारतोय मी. एवढ्या उन्हाळ्यात पाणी पिता किती?" सासूबाई दारातून म्हणाल्या, "दुपारी चारनंतर थेंब नाही. दहा दिवस झाले."

"का पण?" — हे मी विचारलं. मीच!

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं. ऑपरेशननंतर बाबांना रात्री लघवीचं कळत नाही, म्हणाल्या. रोज नाही, पण कधी होईल ते सांगता येत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा पहाटे ते स्वतः चादर घेऊन हातपंपापाशी उकिडवे बसले होते, टाके ओले असताना. "म्हणाले, 'मालती, अनिमेषला कळलं तर मी ह्या घरात राहणार नाही.' मशीनमध्ये टाकली असती तर तुला वासानं कळलं असतं. आणि एकटी त्यांचीच चादर रोज वाळत घातली असती, तर पुतुलनं तिसऱ्या दिवशी विचारलंच असतं. सगळ्यांच्याच घातल्या, मग काय विचारणार? मालतीला खूळ लागलं, एवढंच ना? लागू दे."

मी ओट्यापाशी खाली बसले. पदराची किल्ली फरशीवर वाजली.

दहा दिवस. मी कुलूप लावलं, आणि ह्या माणसानं पाणी सोडलं. आणि त्यांनीच माझ्या बाजूनं कौल दिला होता, बायकोच्या हातांसाठी!

मी रडले. सासूबाईंनी त्याच बोटांनी माझं तोंड पुसलं. "तू चांगल्यासाठीच केलंस गं."

संध्याकाळी जुनी वही परत काढली. बाबा घरी आल्याची नोंद आणि चादरींची नोंद, मध्ये जेमतेम चार ओळी. दोन्ही नोंदी मीच लिहिलेल्या. म्हणे उलगडा झाला!

२५ एप्रिल, गुरुवार

डॉक्टर बाबांशी अर्धा तास एकटेच बोलले. ह्यावर इलाज असतो म्हणाले, वेळ लागेल, पण पाणी तोडायचं नाही. मला काही माहीत आहे हे बाबांना कळता कामा नये, असं सासूबाईंनी देवापुढे वदवून घेतलं. अनिमेषलाही सांगायचं नाही. ठीक. ह्या वहीलाच तेवढं माहीत.

किल्ली परत द्यायला गेले. त्यांनी घेतली नाही. "माझे हात अजून पंधरा दिवस बंद आहेत ना?" म्हणाल्या. आणि बघत राहिल्या माझ्याकडे.

२६ एप्रिल, शुक्रवार

पहाटे साडेपाचला चारही चादरी मी काढल्या. रिमली घरंगळली. "आई, आता तूसुद्धा?" अनिमेष डोळे चोळत म्हणाला, "अगं, तुझाच कागद होता ना?" म्हटलं, "फाडला. पारोशावर मला झोप लागत नाही."

गच्चीवर पुतुलकाकीमा पोट धरून हसल्या — "सासूचं उतरलं आणि सुनेला चढलं की गं!"

"चढलं हो काकीमा," म्हटलं, आणि चौथी चादर दोरीवर झटकली.

संध्याकाळी सहाला बाबांनी सरबताचा दुसरा ग्लास मागितला.