तुझ्या धडावर रघूचं डोकं

वेताळखार, तालुका उरण
मंगळवार, दुपार

प्रिय मित्र विनेश यास,

बुधाजीचा गावाहून वाकून नमस्कार. (वाकलो ते तुझ्या मानासाठी, तसाच राहिलो तो कमरेमुळे.) तू, रचनावहिनी आणि तुझं माणगावचं हार्डवेअरचं दुकान, तिघांच्याही तब्येती ठीक असाव्यात. वहिनींचा गुडघा कसा आहे? हे विचारायला घेतलं तर आमची ही म्हणाली, दुसऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी पत्रानं होते, घरातल्या गुडघ्याला कुणी तोंडी पण विचारत नाही. तेव्हा इकडचा गुडघाही ठीक नाही असं समजावं. फोन केला असता, पण फोनवर तू 'बोल, बोल' म्हणतोस आणि गिऱ्हाईक आलं की मलाच खिळ्यांचे भाव सांगायला लागतोस. शिवाय जे सांगायचं आहे ते ऐकून तू मध्येच फोन ठेवशील. पत्र फाडायचं झालं तरी माणूस आधी वाचतो.

तर आपल्या फुटबॉल क्लबच्या खोलीची मैदानाकडची भिंत नवीन बांधली. बांधली म्हणजे मी बांधून घेतली, कारण बाकीची कमिटी सल्ला देण्यात गुंतली होती. त्या भिंतीवर क्लबच्या लेजंडचं चित्र काढायचं असं पोरांनी ठरवलं. लेजंड म्हणजे कोण, असं मी विचारलं. निकेत (आत्ताचा कॅप्टन, पोरगा चांगला आहे, पण सगळं मोबाईलमध्ये बघून बोलतो) म्हणाला, 'काका, ज्याच्यामुळं क्लब क्लब हाय, तो.' सभा बोलावणं, नेट शिवणं, रेफ्रीला चहा पाजणं ही कामं गेली कित्येक वर्षं मीच करतो, म्हणून क्षणभर मी खुर्चीत नीट बसलो. पण सेक्रेटरीचं चित्र भिंतीवर काढल्याचं कुणी कधी ऐकलेलं नाही. तुझं नाव एकमतानं पास झालं. ती फायनल, तो हवेतून मारलेला गोल, पेपरात आलेला फोटो, नंतर मुंबईच्या कंपनीच्या टीमनं तुला नेलं ते, सगळं निघालं. ट्रकांच्या मागे मोर आणि कमळं काढणारा मितेश पेंटर आणला. त्यानं तुला किक मारताना असा काढला की पोट सोडून हुबेहूब तू.

इथपर्यंत ठीक होतं. पुढचं सावकाश वाच.

आपला गोलकीपर रघू, त्याचा पुतण्या भावेश तुला आठवतो ना? आता त्याचे ट्रेलर बंदरात कंटेनर नेतात-आणतात, आणि त्याच्या यार्डात रघू सुपरवायझर होता. (होता हे लक्षात ठेव.) बंदराच्या रस्त्यावर गाड्या उभ्या करायला जागा उरलेली नाही. मग भावेशची नजर मैदानावर गेली. पावसाळ्याआधी थोडे दिवस गाड्या लावतो, म्हणाला. एकदा ट्रेलर मैदानात शिरला की तो थोड्या दिवसांनी निघत नाही, हे गावातलं शेंबडं पोरगं सांगेल. पण क्लबच्या जर्सी भावेशच देतो. त्यामुळे कमिटीतला प्रत्येक माणूस जमिनीकडे बघत बसला. मीही बसलो.

सकाळी पहिला ट्रेलर आला तेव्हा गोलमध्ये रघू उभा. अंगात जुनी हिरवी जर्सी, हातात ग्लोव्हज. तू ह्या माणसाला ओळखतोस. समजूतदार नाही, विनम्र नाही, पायांमधून गेलेल्या प्रत्येक गोलचं खापर आयुष्यभर डिफेन्सवर फोडत आलेला. ड्रायव्हर उत्तरेकडचा कुणी तरी, हसतमुख पोरगा. तो म्हणाला, 'चाचा, साइड हो जाओ.' रघू म्हणाला, 'गोलातून गाडी न्हाय जानार. पेनल्टी मार. गेली आत तर लाव तुझी गाडी.'

मी म्हटलं, रघू, अरे जरा विचार कर. तो मला म्हणाला, 'सेक्रेटरीनं मैदानाभायर उभं ऱ्हावं.' तो नियम आहे, हे मला माहीत होतं, पण तो त्या वेळी आठवायचा नव्हता.

ड्रायव्हर खाली उतरला, चपला काढल्या, बॉल ठेवला आणि मारला. विनेश, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. बॉल सरळ आला, फार जोरात पण आला नाही, आणि रघूच्या दोन पायांच्या मधून गेला. रघूनं मागे वळून नेटमधला बॉल पाहिला, पुढे आला आणि ड्रायव्हरला म्हणाला, 'ऑफसाइड.'

पेनल्टीला ऑफसाइड! बिचाऱ्या ड्रायव्हरनं आधी हसून, मग हात जोडून, मग हिंदीत आणि शेवटी स्वतःच्या भाषेत समजावलं. रघू हलला नाही. त्यानं मैदानावर काठीनं रेघा मारून ऑफसाइड समजावून सांगितला, चुकीचा. ऊन डोक्यावर आलं. बंदराच्या गेटवर जायची गाडीची वेळ झाली, मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, आणि ट्रेलर रिव्हर्स घेऊन निघून गेला. तोवर निकेतनं पोरं गोळा करून मॅच लावली होती. ती दिवसभर चालवली. दुसऱ्या दिवशीही चालवली. भावेशनं नाद सोडला. आणि रघूला कामावरून काढला.

रघूची बायको नीराबाई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलली, 'त्यानं मैदान वाचिवलं, तुमी काय वाचिवलंत?' मी नेट गुंडाळत होतो, ते गुंडाळत राहिलो.

मग पोरांनी सभा मागितली. लेजंड म्हणजे काय, यावर असा वाद झाला की बाहेरची कुत्री उठून गेली. एक म्हणाला, जिंकून देतो तो. मग विनेशच. दुसरा म्हणाला, सोडून जात नाही तो. मी म्हटलं, तसं असेल तर अर्धं गाव लेजंड आहे, कुठे गेलंय? शेवटी निकेत मोबाईल खाली ठेवून म्हणाला, 'विनेशकाकांचा गोल आमी बगितला न्हाय, ऐकलाय. रघूकाकांनी सोडलेला बगितला.' लगेच हात वर झाले आणि रघूचं नाव पास झालं.

मितेशनं अख्खं चित्र पुन्हा काढायला नकार दिला. त्यानं फक्त तुझं डोकं खोडून रघूचं काढलं आणि हातांना ग्लोव्हज चढवले. त्यामुळे आता भिंतीवर एक गोलकीपर फार सुंदर किक मारतो आहे, जी रघूला जन्मात जमली नाही. धड आणि पाय तुझेच आहेत. राग येणार नाही असं समजतो. आला तर दोघांत वाटून घेऊ, माझ्या अंगावर आता एकट्यानं घ्यायची ताकद नाही. रचनावहिनींना नमस्कार, दुकानाला बरकत.

तुझा थकलेला,
बुधाजी

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली. रविवारी भिंतीवरचा पडदा काढायचा आहे आणि रघू येत नाही म्हणतो. 'ती जागा विन्याची हाय. विन्यानं सोता येऊन सांगितलं तरच मी उबा ऱ्हातो,' असं म्हणाला आणि तोंड फिरवलं. (डोळ्यांत काही तरी होतं. मी धूळ म्हणून सोडून दिलं.) तेव्हा तू ये. तुझी जागा गेली हे सांगायला तुलाच बोलावतो आहे. असलं पत्र लिहायची वेळ शत्रूवर येऊ नये.

ता. क. दुसरा, गुरुवार : पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. पलीकडच्या गावच्या क्लबच्या अध्यक्षाचंही यार्ड आहे. त्यानं रघूला नोकरी दिली, अट एकच, त्यांच्या गोलमध्ये उभं राहायचं. शुक्रवारी त्यांची आपल्याशीच मॅच आहे. रघूनं होकार दिला. घर चालवायचं आहे, मी काय बोलणार? भिंतीचा रंग अजून हाताला लागतो आहे आणि लेजंड पलीकडे गेला. तुझा पासपोर्ट साइज फोटो असला तर पाठव. मितेश पुन्हा डोकं बदलेल.

ता. क. तिसरा, शनिवार सकाळ : फोटो पाठवू नकोस. काल मॅच झाली. रघू त्यांच्या लाल जर्सीत, मान खाली घालून उभा. शेवटी शेवटी निकेत बॉल घेऊन एकटा त्याच्यासमोर आला, आणि गोलमधून रघू जीव तोडून ओरडला, 'डावीकडं मार रं, डावीकडं मोकला हाय!' निकेतनं डावीकडं मारला. रघू बरोबर उलट्या बाजूला पडला आणि पडल्या पडल्या हात वर करून नाचायला उठला. मग त्याला अंगातली जर्सी दिसली.

अध्यक्ष भला माणूस निघाला. म्हणाला, यार्डात उद्यापासून ये, गोलमध्ये पुन्हा येऊ नकोस.

हे पत्र आता टपालानं वेळेवर पोचायचं नाही, म्हणून माणगावला जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतो आहे. तू उद्या ये. बाकी सभ्य सेक्रेटरीनं दोन्ही संघांना सारख्याच टाळ्या द्याव्यात असा रिवाज आहे. काल मी तो पाळला असेन असं वाटत नाही, कारण तळहात अजून सुजलेले आहेत आणि हे शेवटचं मी सांगतो आहे, लिहिते आहे आमची ही.