देगलूरच्या माळावरचा अखंड दगड

आबा, आज दगड लागला! बिनचिरेची, माझ्या हाताएवढी लांब दगडाची कांडी बोअरमधून सरळ बाहेर आली आन मी भर माळावर पोरीसारखी ओरडले. दीर म्हणाला, "वहिनी, लोकं बघून राहिले." म्हणलं, बघू दे की! तुम्हाला कुठं ठाऊक, मी आन दीर मिळून कंपनी काढलीय. मुखेडकडं खडीची एक खाण हाय आमची, पण खडी फोडून कंपनी किती वाढणार? देगलूरकडचा हा लाल दगडाचा माळ पट्ट्यानं, म्हंजे भाड्यानं खणायला मिळत होता. खाली अखंड दगड असला तर मोठाले ठोकळे निघणार, चिरलेला असला तर पुन्हा आपली खडीच. हो का न्हाई ते सांगायला माळाच्या मालकानं आजचाच दिवस ठेवला होता.

नांदेडहून भूगर्भाचं शिकलेली एक पोरगी बोलावली होती. बोअरची गाडी माळावर उभी, आन तिनं वरच्या चिरा बघून तोंड वाकडं केलं. "मावशी, सोडा हा माळ. बोअर कशाला वाया घालवता?" दीर तर गाडीत जाऊन बसला. मला तुमची खाण आठवली. तुम्ही दगडावर घागर ओतता आणि नुसते बसून राहता. सगळा दगड वाळतो, चीर असली तर तेवढी रेघ ओली राहते. लहानगी मी भोवती नाचतेय, "वाळला की आबा, चला की!" तुम्ही डाफरता, "गप बस. दगडाला घाई न्हाई, तुलाच हाय."

माळाच्या कडेला ओढ्यानं दगडाची एक भिंत उघडी पाडलीय. तिच्यावर वरपासून खालपर्यंत पाणी ओतलं आणि बसले. मी, बसले! ऊन डोक्यावर, दीर हॉर्न वाजवून राहिलाय, तरी हलले न्हाई. ओल्या रेघा वरून कमरेएवढ्या खोल उतरल्या आणि थांबल्या. त्याखाली भिंत एकसारखी वाळली. म्हणलं, "पोरी, चिरा वरच्यावरच हायत. मार बोअर." अखंड कांडी बाहेर आली, ती हातात घेऊन पोरगी हसायला लागली. "मावशी, कोणत्या कॉलेजात शिकलात?" "चौथी नापास," म्हणलं, "बापाच्या खाणीत."

तुम्ही तर गेलात, आता हा कागद कुठं धाडू? कांडीच्या पेटीत ठेवून देते. पण बापानं शिकवलं म्हणताना जीभ अडखळली, आबा. देवळाच्या पायरीची ती मोठी शिळा आठवते? पाणी ओतून मला राखणीला बसवलंत आणि तुम्ही भाकर खायला गेलात. आलात तेव्हा मी म्हणलं, "रेघ न्हाई." दुसऱ्या दिवशी छिन्नी लागली तशी शिळा दुभंगली. ठेकेदार चारचौघांत बोलला, "म्हाताऱ्या, डोळे गेले का तुझे?" तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत, मला एका शब्दानं विचारलं न्हाई. डोळे तुमचे चांगलेच होते. शिळा वाळेपर्यंत मीच थांबले नव्हते.