एका रिंगचा अर्थ

मस्कत, ११ ऑक्टोबर २००९

प्रिय तनू,

हातात मोबाईल असताना अण्णा पत्र का लिहून राहिले, असं तुला वाटेल. माझ्या खोलीतला धर्माबादचा वीरभद्र सुट्टीवर गावी निघालाय, त्याच्या हाती देतोय. शेवटपर्यंत वाच.

आपला नियम मीच घातला. तुझ्या हॉस्टेलात मोबाईलला बंदी, म्हणून मेसवाल्या गुरम्मामावशीच्या फोनवरून सकाळी ठीक आठला तू एक रिंग द्यायची: खुशाल आहे. मी उलट एक देणार: मीही खुशाल. उचलायचा कुणीच नाही. दोन रिंगा फक्त निकालाच्या दिवशी. तुझे आठ म्हणजे माझे साडेसहा, तोंडाला दाढीचा साबण लावलेला. चौदा महिन्यांत एकदा खाडा नाही. खोलीतल्या मंडळींना मी मिरवून सांगायचो, पोरीच्या रिंगवर घड्याळं लावून घ्या.

परवा तुझी रिंग वाजत असताना ओल्या हातानं फोन बाजूला सारायला गेलो आणि बटण दाबलं गेलं. पलीकडून मावशी ओरडल्या, "अगं बया, उचललं की ह्यांनी!" मी विचारलं, तनुजा कुठाय? पलीकडं भाकरी थापल्याचा आवाज थांबला. मग म्हणाल्या, "भाऊ, लेकराला रागवू नका. दोन म्हैने झाले, क्लासला जाईना. भिंतीकडं तोंड करून पडती. धड जेवतबी न्हाई. मला म्हनली, रिंग तेवढी देत जा, अण्णांना घोर नको."

त्याच मिनिटाला तुझ्या आईला घरी, मुरुडला फोन लावला. आता ती तुझ्याजवळ असेल. काही विचारू नकोस, असं तिला बजावलंय. मला मात्र आधी राग आला, खोटं कशाला बोलणार. मग नियम पुन्हा तपासला. एवढा काटेकोर मी; कुठल्या कॉलेजात न जाता रेडिओ उघडून उघडून शिकलो, लिफ्टचा बिघाड आवाजावरून सांगतो; पण 'बरं नाही' यासाठी मी रिंगच ठेवली नव्हती.

त्र्याण्णवचं तुला आठवणार नाही, दोन वर्षांची होतीस. पहाटे भूकंप झाला तेव्हा मी लातूरला रेडिओदुरुस्तीच्या दुकानातच झोपलेलो. सकाळी गावात पोचलो तर आपल्या घराच्या जागी दगडमातीचा ढीग. लोक म्हणाले, भागवत, इथं कुणी न्हाई आता. मला आवाज आला. टण्, टण्. ढिगाखाली तुझी आई तुला पोटाशी धरून पितळी पेला घागरीवर आपटत होती. त्या आवाजाचा अर्थ 'खुशाल आहे' असा नव्हता, तनू. 'इथं आहे, या' असा होता. आणि मी तुला शिकवलं काय, तर उलटं.

आता जे फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं ते. मार्चपासून माझ्याही रिंगा खोट्याच. कंपनीनं इंग्रजीतली लेखी परीक्षा ठेवली, मी दोनदा नापास झालो. मेकॅनिक राहिलो नाही. ज्याला मीच काम शिकवलं त्याच्या मागं हत्यारांची पेटी घेऊन फिरतो. अण्णा हरलेले तुला दिसू नयेत, म्हणून रोज एक रिंग देत आलो. तूही तेच केलंस. माझीच लेक.

नियम बदललाय. पत्र दिल्याचं वीरभद्र मला कळवील; त्याच्या दुसऱ्या दिवशी आठला मी मावशींच्या नंबरावर फोन लावीन. तू उचलायचा. क्लासचं, परीक्षेचं एक अक्षर काढणार नाही. तोंडून शब्द निघाला नाही तर ताटलीवर पेला वाजव. मी ऐकतोय.

तुझाच,
दोनदा नापास झालेला
अण्णा